सावरदऱ्याची अधिकृत उचकी

पुढाऱ्याचं वजन जनतेनं वाढवलेलं असतं, म्हणून ते कमी करण्याचा अधिकारही फक्त जनतेलाच असतो, असं लोकशाही सांगते. प्रत्यक्षात हे वजन दोन प्रकारचं असतं. एक मुंबईत भरतं, दुसरं आडतीच्या काट्यावर. पहिलं वाढलं की दुसरं आपोआप वाढतं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुसरं घटवून पहिलं वाढवता येतं का, याचा प्रयोग कुणी केलेला नव्हता. तो करण्याचा मान बहात्तरच्या दुष्काळात मच्छिंद्रअण्णांना मिळाला.

मच्छिंद्रअण्णा हे मिरजगावच्या पलीकडल्या बारा कोरड्या गावांच्या दुष्काळ निवारण समितीचे अध्यक्ष. (ही समिती आता कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. तेव्हाही सापडत नसे.) दोन पावसाळे कोरडे गेले होते. जनावरं छावणीत होती, माणसं खडीवर होती आणि अण्णा समितीवर होते. आडतीच्या काट्यावर ते सव्वा पोतं भरत. सुगीच्या दिवसांत हे वजन खानदानी दिसायचं. दुष्काळात मात्र ते, का कोण जाणे, पुराव्यासारखं दिसू लागलं.

त्याला कारण झाला एक फोटो. सावरदऱ्याच्या माळावर सरकारी खडी फोडायचं काम चालू होतं. एकशे चाळीस माणसं, त्यांत नव्वद बाया. अण्णांनी तिथं भेट दिली आणि नगरच्या एका पेपरात फोटो आला : ‘अध्यक्ष चौदा मजुरांसमवेत’. फोटोत मजूर तीनच दिसत होते. उरलेले अकरा अण्णांच्या मागं होते.

आठवड्याभरात नगरच्या वरिष्ठांचा निरोप आला. माघात मुंबईचे मंत्री पाहणीला येणार, मुंबईचे फोटोवाले येणार, तोवर अण्णांनी जरा दुष्काळी दिसावं.

अण्णा शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी सकाळची एक भाकरी कमी केली. हे व्रत दुपारी दीडपर्यंत टिकलं. मग ते जीप काढून नगरच्या एका डॉक्टरकडं गेले आणि पिवळ्या गोळ्यांची बाटली घेऊन आले. गोळी मुंबईची होती. रोज एक घेतली की भूकच लागत नाही. भूक नाही म्हणून खाणं नाही, खाणं नाही म्हणून वजन नाही.

त्यांच्या मंडळींनी, झुंबरबाईंनी, बाटली उलटीपालटी करून पाहिली.

“आवं, पोटाला न्हाई म्हून सारा मुलूख वणवण करतोय. आन् तुमी भूक मारायला गोळी आनली?”

“लोकांसाठीच करतोय मी हे,” अण्णा म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते पटलं. ही त्यांची जुनी ताकद होती.

गोळीनं काम चोख केलं. नऊ दिवसांत चार किलो गेले. अण्णा धोतराची गाठ पुन्हा पुन्हा आवळून पाहत आणि आरशासमोर गाल आत ओढून ‘माझ्या दुःखी बांधवांनो’ म्हणून पाहत. दहाव्या दिवशी समितीच्या बैठकीत, मजुरांच्या पाणीटंचाईचा विषय निघाला असतानाच, त्यांना पहिली उचकी लागली. समितीचे कारकून पुंजाराम हे कर्तव्यदक्ष होते. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं : ‘विषय क्र. ४, मजुरांना पाणी. अध्यक्ष : उक्. सर्वानुमते मंजूर.’

ती उचकी गेली नाही. पुंजारामांनी घड्याळ लावून मोजली : जागेपणी मिनिटाला अकरा, बोलताना चौदा, विरोधकाचं नाव निघालं की एकोणीस. डॉक्टरांना विचारायला जीप गेली. त्यांनी उलट चिठ्ठी दिली की या गोळीनं काहींना असं होतं, उपाय दोन : गोळी बंद करावी, किंवा उचकी चालू ठेवावी. मंत्री तीन आठवड्यांवर आलेले. अण्णांनी दुसरा उपाय निवडला.

तरीपण समितीनं प्रयत्न सोडले नाहीत. नाक दाबून झालं. साखरेचा बकाणा झाला. (साखर रेशनची होती, पण रुग्ण अध्यक्ष होता.) दचकवल्यानं उचकी जाते म्हणून उपाध्यक्षांनी अचानक येऊन “अण्णा, तुमचं तिकीट कापलं!” असं सांगितलं. त्यानं उचकी दोन मिनिटं थांबली आणि श्वासही थांबला, म्हणून तो उपाय पुन्हा करू नये असं ठरलं. मग झुंबरबाईंनी घरगुती शास्त्र काढलं. उचकी लागते ती कुणीतरी आठवण काढतं म्हणून. नावं घेत जायचं, ज्याच्या नावाला थांबेल तो आठवण काढत असतो. अण्णांची मुद्रा प्रसन्न झाली. मुंबईपासून सुरुवात करून त्यांनी सत्तावीस मोठी नावं घेतली. एकालाही त्यांची आठवण येत नव्हती.

शेवटी एकच उपाय लागू पडला. तांब्याभर पाणी उभ्यानं, घोट घोट, न थांबता प्यायचं. त्यानं वीस मिनिटं आराम पडे. वीस मिनिटांनी पुन्हा तांब्या. हिशेब सरळ होता. दर वीस मिनिटांनी अध्यक्षांना पाणी लागणार, अध्यक्षांची विहीर आटलेली, आणि बारा गावांत मिळून टँकर एक. पुंजारामांनी कागद केला : ‘वैद्यकीय कारणास्तव टँकर अध्यक्षांच्या निवासस्थानी मुक्कामी ठेवण्यात यावा.’ एरवी हा टँकर दर तिसऱ्या दिवशी सावरदऱ्याच्या माळावर जायचा. आता तो अण्णांच्या अंगणात लिंबाखाली उभा राहू लागला. झाडालाही त्या वर्षी पाणी बघून बरं वाटलं असेल.

सहाव्या दिवशी भर दुपारी राहीबाई आली. ही सावरदऱ्याच्या बायांच्या टोळीची पुढारीण. नवरा ऊस तोडायला राहुरीकडं गेलेला. तळहातावर हातोड्याचे घट्टे, बोलणं हातोड्यासारखंच. मागं पंचवीसेक बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामी घागर. माळावरून अण्णांचं घर चार मैल.

टँकरचा ड्रायव्हर फक्रुद्दीन सावलीत बसला होता. तो तिला बघून उठला. “माझ्याकडं नका बघू, राहीबाई. कागदावर हीच जागा लिवलीय.”

“तुला न्हाई रं बोलत, भाऊ.” ती ओसरीसमोर उभी राहिली. “अण्णा, पानी कुठाय आमचं?”

“आजारी हाय मी— उक्— दिसत न्हाई का तुला?”

“दिसतंय की. आमच्यात बी आजारी हायेत. काल आक्काबाई भोवळ यिऊन खडीवर पडली, कपाळ फुटलं तिचं. तिला उचकी न्हाई येत. उचकी याया घसा वला लागतो.”

अण्णांना राग आला. हजारोंचं ओझं वाहणाऱ्या माणसाला आजारपणातसुद्धा लोक सुखानं पडू देत नाहीत, या विचारानं त्यांचं मन भरून आलं. ते ताडकन उठले आणि म्हणाले, “मी तुमच्यासाठी उपाशी— उक्— उपाशी— उक्—”

तेवढ्यात झुंबरबाई आतून आल्या. त्यांनी टँकरच्या नळाला हात घातला आणि तो सोडला. “भरा गं.” आणि घागरी भरता भरता पिवळ्या गोळ्यांची सगळी हकीकतही बायांना सांगून टाकली.

अण्णांना हरकत घ्यायची होती. पण उचकीच्या अलीकडं ती मावेना आणि पलीकडं पंचवीस घागरी भरून झाल्या होत्या. समितीनं नंतर या पाण्याची नोंद ‘गळती’ अशी केली.

माघात मंत्री आले. तोवर अण्णांचे अकरा किलो उतरले होते. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. सावरदऱ्याच्या माळावर मांडव घातला होता. मजुरांना खडीवरच बसवलं होतं, म्हणजे फोटोत काम चालू दिसावं. अण्णा स्वागताला उभे राहिले. तांब्या पिऊन आले होते, पण मंत्र्यांची गाडी अर्धा तास उशिरा आली होती.

“माझ्या या दुःखी— उक्— माता-भगिनींच्या हाल— उक्— अपेष्टा पाहून माझ्या घशाखाली— उक्— घास—” आणि इथं एकापाठोपाठ सहा उचक्या लागल्या.

मंत्र्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी आजवर पुष्कळ अध्यक्ष पाहिले होते, पण हुंदके देणारा, खंगलेला अध्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते. फोटोवाल्यांनी फटाफट फोटो काढले. मंत्री उठून अण्णांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “शांत व्हा, अण्णा. जनतेसाठी इतकं रडू नका.”

“रडत न्हाईत वो सायेब,” बायांतून राहीबाईचा आवाज आला. “उचकी हाय ती. भूक मरायची गोळी खात्यात त्ये, बारीक व्हाया. त्यानं उचकी लागली, आन् उचकीपायी आमचं पानी नेलं.”

अण्णांना वाटलं, आता धरणी दुभंगावी. (ती गेले वर्षभर ठिकठिकाणी दुभंगलेलीच होती.) त्यांनी डोळे मिटून घेतले. तिकीट गेलं, समिती गेली, अकरा किलो फुकट गेले.

पण मोठी माणसं मोठी का असतात, ते अशा वेळी कळतं. आपण जिथं लबाडी पाहतो तिथं त्यांना योजना दिसते. मंत्री एकदम गंभीर झाले. “भूक मरायची गोळी?” त्यांनी विचारलं. “खरंच मरते?”

“साफ मरते,” अण्णा म्हणाले. भीतीनं त्यांची उचकीही क्षणभर थांबली होती.

मंत्री मांडवाकडं वळले. “दुष्काळ म्हणजे काय? अन्न कमी आणि भूक जास्त. इतकी वर्षं आपण अन्न वाढवण्याच्या मागं लागलो. भूक कमी करण्याचा विचार कुणी केलाच नाही! या माणसानं आधी स्वतःच्या पोटावर प्रयोग केला. असे कार्यकर्ते आहेत म्हणून देश उभा आहे.”

टाळ्या पडल्या. मजुरांनीही वाजवल्या, टाळ्यांची हजेरी लागते असा त्यांचा अनुभव होता. सावरदऱ्याच्या एकशे चाळीस मजुरांवर महिनाभर प्रयोग करायचा आणि यशस्वी झाला तर जिल्हाभर, असं तिथंच ठरलं. राहीबाई खडीवर बसून हे ऐकत होती. तिनं हात वर केला.

“सायेब, गोळी कोरडी गिळायची का पान्यासंगं?”

मंत्र्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून वाचली. “दोन पेले पाण्यासंगं.”

“आन् उपाशीपोटी, का खाऊन?”

अण्णांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. “उपाशीपोटी घेऊ नये. पोटभर खाऊन घ्यावी. न्हाईतर काळजाला— उक्— धोका.”

“मंग मेलं कुनी तर?” राहीबाईनं विचारलं.

नुसता भुकेनं कुणी मेला तर त्याचा दोष निसर्गाकडं जातो. सरकारी गोळीनं मेला तर फाईल होते. हा फरक मंत्र्यांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी जागच्या जागी आदेश दिला : गोळी देण्यापूर्वी प्रत्येक मजुराला पोटभर सुकडी (म्हणजे दुष्काळी कामावरचा सरकारी पौष्टिक खाऊ) आणि भाकरी द्यावी, आणि टँकर रोज सावरदऱ्याला जावा. जे वर्षभर अर्ज करून, ऊर बडवून, तालुक्याला चालत जाऊन मिळालं नव्हतं, ते भुकेसाठी नाही तरी गोळीसाठी अर्ध्या तासात मंजूर झालं.

योजनेचे नियम पुंजारामांनी लिहिले. मजुरानं गोळी खरोखर गिळली याचा पुरावा काय, हा मोठा प्रश्न होता. त्यावर अध्यक्षांच्या प्रकृतीवरूनच तोडगा निघाला : ज्याला उचकी लागते त्याच्या पोटात गोळी आहे. सबब प्रत्येक मजुराच्या रोज किमान चार उचक्या मुकादमानं मोजाव्यात आणि हजेरीपटात ‘उ’ असा शेरा मारावा. ‘उ’ नसेल त्याची भाकरी दुसऱ्या दिवशी बंद.

पहिल्या सकाळी सावरदऱ्याच्या माळावर टँकर आला, भाकरीच्या पाट्या आल्या, सुकडीची घमेली आली. माणसं जेवली. पाणी प्यायली. आक्काबाईनं कपाळाची चिंधी ओली करून बांधली. मग पिवळ्या गोळ्या वाटल्या आणि एकशे चाळीस माणसांनी त्या राहीबाईनं सांगितल्याप्रमाणे जिभेखाली धरल्या आणि मुकादमाची पाठ वळताच खडीच्या ढिगात थुंकल्या. (तो रस्ता अजूनही भुकेला नाही, असं म्हणतात.) त्यानंतर राहीबाईनं उचकीचा वर्ग घेतला. कुणी गळ्यातून आवाज काढी, कुणी नुसतीच मान झटकी. म्हाताऱ्यांना लवकर जमलं. चौथ्या दिवशी माळ असा काही उचकू लागला की मुकादमाची मोजताना बोटं संपली.

इकडं अण्णांची पंचाईत झाली. फोटो निघाले होते, काम झालं होतं. त्यांनी मुकाट्यानं गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी उचकी गेली आणि पाचव्या दिवशी भूक परत आली, ती आपलं सगळं गणगोत घेऊन. पण योजनेचे जनकच उचकत नाहीत, हे लोकांना कसं दिसेल? तेव्हा अण्णाही पाहणीला आले की खोटी उचकी देऊ लागले. महिन्याच्या शेवटी ते माळावर फिरत होते. राहीबाईजवळ येऊन त्यांनी एक उचकी दिली. राहीबाईनं हातोडा थांबवला.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “गळ्यातून नगा काढू. बेंबीपासनं काढा. खांदा जरासा उडवायचा. हां— असं.”

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी खांदा उडवून बेंबीपासून एक काढून पाहिली. उत्तम निघाली. दोघांनी एकमेकांकडं क्षणभर पाहिलं. त्या क्षणी अध्यक्षांना सगळं समजलं होतं, आणि समजलेलं कधी बोलायचं नाही, हेही त्यांना समजत होतं. ते पुढं निघून गेले.

महिन्याअखेर नव्वद पानी अहवाल मुंबईला गेला. एकूण उचक्या सोळा हजार आठशे (रविवार धरून, भुकेला सुटी नसते). भुकेची तक्रार : शून्य. भोवळ : शून्य. काम : दीडपट. मजुरांचं वजन मात्र सरासरी दीड किलोनं वाढलं होतं. वजन घटवणाऱ्या गोळीनं वजन वाढावं, ही बाब समितीनं ‘अधिक अभ्यासासाठी’ राखून ठेवली. शेवटच्या पानावर शिफारस होती : सावरदऱ्यातील भूक पूर्णपणे नष्ट झाली असल्याने यापुढे भाकरी, सुकडी व रोजचा टँकर यांची आवश्यकता उरलेली नाही. फक्त गोळी चालू ठेवावी.

खाली अध्यक्षांची सही होती. अण्णा ती करताना थांबले नाहीत, असं नाही. पेन उचलून त्यांनी मिनिटभर लिंबाकडं पाहिलं. मग त्यांना मंत्र्यांनी कबूल केलेलं जिल्हा पातळीवरच्या भूकनिर्मूलन मंडळाचं अध्यक्षपद आठवलं.

दुसऱ्या सोमवारी टँकर आला नाही. पाट्या आल्या नाहीत. आली ती नुसती बाटली. राहीबाई आणि साठ बाया नगरला गेल्या, आणि त्यांनी अंगठे उठवून अर्ज दिला की आम्ही एकही गोळी गिळलेली नाही, आम्ही भाकरीवर जगलो. तिथल्या कचेरीतल्या साहेबांनी त्यांच्यासमोर हजेरीपट उघडला. ओळीनं ‘उ’, ‘उ’, ‘उ’. एवढा लेखी पुरावा असताना नुसत्या माणसांवर विश्वास कसा ठेवायचा? आठ दिवसांनी उत्तर आलं : ‘आपला अर्ज भुकेच्या संदर्भात आहे. सदर ठिकाणी भूक शिल्लक नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

फक्रुद्दीनचा टँकर मात्र त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वाट चुकून सावरदऱ्याच्या माळावर जाई. त्याला तीन मेमो मिळाले. झुंबरबाईंच्या घरच्या भाकरीच्या दोन पाट्याही त्याच टँकरमध्ये चुकून राहत. त्यावर सावरदरा जगला. ही मदत कुठल्याही योजनेखाली नसल्यानं तिची नोंद नाही.

नोंद झाली ती योजनेच्या यशाची. ‘भूक हटली!’ असं ठळक छापून बातमी पुण्या-मुंबईच्या पेपरांत गेली. तुम्ही ती वाचली होती. वाचून तुम्हाला बरं वाटलं, गेले कित्येक महिने सकाळच्या चहाला लागलेली ती दुष्काळाची कटकट एकदाची मिटली, असं तुम्ही घरात म्हणालातही. समितीकडं त्या आठवड्यात शहरांतून चारशे सहा पत्रं आली. सावरदऱ्याच्या माणसांचं पुढं काय झालं, असं विचारणारं त्यांत एक नव्हतं. चारशे सहाही जणांना गोळी कुठं मिळेल ते हवं होतं. ती फाईल पुंजारामांनी जपून ठेवली आहे. तुमचंही पत्र तिच्यात आहे. अक्षर सुरेख आहे. कंबरेचं माप मात्र तुम्ही दोन इंच कमी लिहिलंय.